सोडून दिलेला मासा

हुबळीला नदी नाही. धारवाडलाही म्हणण्यासारखी नाही. शाल्मलेचा उगम धारवाडात आहे खरा, पण उगम म्हणजे नदी नव्हे. आम्हा गोकुळ रोडवाल्यांची नदी नळातून येते. मलप्रभा कणकुंबीला, खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला उगम पावते, खानापूरवरून सौंदत्तीकडे जाते, नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि तिथून जलवाहिनीतून आमच्या टाक्यांत उतरते. नदीशी आमचा संबंध बादल्या, पिंप आणि 'आज पाणी येणार का?' या शेजारच्या चौकशीपुरता. तेव्हा अशा गावच्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकाने मासे धरण्याच्या नीतीवर लिहावे, याचे वाचकांना थोडे हसू आले तर मी समजू शकतो.

परंतु प्रश्न माझ्या घरात, माझ्याच दिवाणखान्यात उपस्थित झाला, आणि तो बाप-लेकांत उपस्थित झाला. मी तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालेला असल्यामुळे दोघांनीही निवाडा माझ्याकडे सोपवला. तत्त्वज्ञानाच्या पदवीचा संसारात उपयोग होण्याचे प्रसंग फार थोडे. म्हणून मी तो सोडला नाही.

बाप म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. खानापूर तालुक्यात मलप्रभेला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी त्यांची भातशेती आहे. वय सत्तरीच्या पुढे. मुलगा म्हणजे माझा भाचा. हुबळीला आमच्याकडे राहून तो इंजिनियर झाला आणि आता अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात, सस्क्वेहाना नदीच्या काठच्या एका गावात राहतो. बापाला मासे धरायचा नाद आणि मुलालाही तोच. एवढे साम्य असल्यावर भांडण व्हायलाच हवे होते.

भाच्याचा नाद काय प्रकारचा आहे ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे तो फारसा परिचित नाही. त्या मासेमारीत गळाला गांडूळ लावत नाहीत, पिठाची गोळी लावत नाहीत. पिसे, केस आणि रंगीत दोरा गळाभोवती गुंडाळून एक खोटी माशी किंवा खोटा चिमुकला मासा तयार करतात. तिला वजन असे नसतेच. म्हणून वजन दोरीलाच दिलेले असते आणि ती दोरी डोक्यावरून मागे-पुढे अशी लयीत फेकायची असते. हे कौशल्य हस्तगत व्हायला वर्षे लागतात म्हणे. त्याच्या नदीतला मासा म्हणजे स्मॉलमाउथ बास. नावात लहान तोंड आहे, पण ते दुसऱ्या एका बासच्या मानाने लहान. एरवी चांगला जबडेबाज प्राणी आहे.

या नादाचा खरा कस लागतो तो त्यांच्या वसंताच्या आरंभी. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळत असते. नदी आज निवळ तर उद्या फुगलेली आणि गढूळ. पाणी दहा अंश सेल्सिअसच्या खाली असेपर्यंत बास खोल डोहांत, खडकांच्या आडोशाला जड होऊन पडलेला असतो. अशा वेळी खोटा मासा त्याच्या नाकासमोरून अगदी तळालगत आणि सावकाश जायला हवा. यासाठी गळाला शिशाचे डोळे बांधून तो बुडवण्याची युक्ती त्याच नदीवरच्या बॉब क्लाउझर नावाच्या एका गृहस्थाने १९८०च्या दशकात काढली आणि ती पुढे जगभर गेली. पाणी वाढले की मासा मुख्य धार सोडून काठालगत, खडकामागच्या संथ पाण्यात येतो. उतरले की परत सरकतो. चार दिवस ऊन पडले, पाणी दोन अंशांनी वाढले, की सारे गणित पुन्हा नव्याने मांडायचे. भाचा हे सांगू लागला की माझ्यासारख्या शिक्षकाला ऐकतच बसावेसे वाटते. एवढे बारीक निरीक्षण आमच्या दहावीच्या मुलांनी भूगोलात केले असते तर!

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. पाणी पंधरा-सोळा अंशांपर्यंत तापले की नर बास उथळ जागी शेपटीने वाळू-खडे झाडून एक वाटोळे घरटे करतो. मादी त्यात अंडी घालून निघून जाते. राखण करतो तो नर. अंडी फुटून पिले फिरू लागेपर्यंत तो जागा सोडत नाही आणि धड खातही नाही. जवळ येईल त्यावर मात्र तुटून पडतो, आणि म्हणूनच त्या दिवसांत तो गळाला सर्वांत सहज लागतो. त्याला उचलून बाहेर काढले आणि लगेच सोडले तरी मधल्या काही मिनिटांत टपून बसलेले दुसरे मासे अंडी खाऊन जातात. यावरून त्या राज्यात साधारण मध्य एप्रिल ते मध्य जून बास घरी नेण्यास मनाई आहे. धरलाच तर तिथल्या तिथे सोडावा लागतो, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या घरट्यावर पुन्हापुन्हा गळ टाकणे हाही गुन्हा आहे. भाचा तर या दोन महिन्यांत नदीवर जातच नाही. एरवीही तो कधी मासा घरी आणत नाही. धरतो, हात ओले करून गळ काढतो, पाण्यात धरून त्याला श्वास घेऊ देतो आणि सोडतो. त्याच्या गळाला उलटा काटासुद्धा नसतो.

आता दाजींचे मासे. खानापूर, चंदगड, आजरा, सिंधुदुर्ग या पट्ट्यातल्या वाचकांना 'चढणीचे मासे' म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. वळिवाचे दोन-तीन तडाखे होतात, मृग लागतो, आणि एका रात्री ओढ्याला तांबडे पाणी येते. शेताचे बांध भरून वाहू लागतात. शेत, ओहोळ, ओढा, नदी अशी एकच पाण्याची वाट तयार होते. वर्षभर नदीच्या डोहात दबून राहिलेले मासे त्या नव्या पाण्याच्या ओढीने प्रवाहाविरुद्ध वर चढतात. मरळ, वाम, शिंगटी, खवली असे तऱ्हेतऱ्हेचे मासे चार बोटे पाण्यातून, गवतातून, अक्षरशः पोटावर सरपटत भाताच्या खाचरात जातात. का जातात? तिथले पाणी उथळ, उबदार, किड्यामुंग्यांनी भरलेले. मोठा शत्रू तिथे पोचत नाही. पिलांना याहून चांगला पाळणा नाही. आमचे कानडी शेजारी त्यांना 'हत्तु मीनु' म्हणतात, आणि 'हत्तु' म्हणजेही चढणेच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच नाव ठेवले, कारण दोघी एकाच ओढ्यावर कंदील घेऊन उभ्या होत्या.

त्या रात्री गावात कोणी झोपत नाही. कंदील, बत्त्या, अलीकडे डोक्याला बांधायच्या विजेऱ्या. इरली गेली, प्लास्टिकचे कागद आले. ओढ्याच्या चिंचोळ्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचा विणलेला सापळा बसवायचा, नाही तर जाळे लावायचे. खाचरात मासा हातानेच धरायचा किंवा कोयत्याच्या पाठीने टिपायचा. पहाटे बुट्ट्या भरून घरी. माझी बहीण माळकरी आहे, ती त्या भांड्याला शिवत नाही. दाजी परसात तीन दगडांची चूल मांडतात, तिखट-कोकम घालून स्वतः रांधतात आणि गल्लीत वाटतात. सर्वांत मान गाभोळीला. चढणीच्या माशाची गाभोळी ज्याने खाल्ली नाही त्याचा पावसाळा सुरूच झाला नाही, असे दाजींचे मत आहे, आणि ते एकट्याचे नाही.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या आरंभी भाचा आला. विमानतळ गोकुळ रोडवरच असल्यामुळे येणाराची पहिली रात्र आमच्याकडे ठरलेली. त्याला न्यायला दाजी आले होते. जेवणानंतर भाच्याने मोबाइलवर आपल्या माशांचे फोटो दाखवायला घेतले. दाजींनी चार-पाच पाहिले आणि विचारले, "हे सगळे खाल्लास?" तो म्हणाला, "एकही नाही, आबा. सगळे सोडले." दाजींनी चष्मा काढून ठेवला. "खाणार नव्हतास तर त्याच्या तोंडात काटा घातलास कशाला?"

भाचा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "आबा, तुम्ही एक मरळ खाता तेव्हा तिच्या पोटातली हजारो अंडी खाता. नदीत मासे राहिले नाहीत म्हणून तुम्हीच कुरकुरता. माझा मासा निदान परत गेला."

"गेला म्हणजे हसत गेला होय?" दाजी म्हणाले. "माझा मासा मला कळतंय की मी मारला. तुझा मासा तुला कळतंय की तू वाचवलास. आधी पाण्यात ढकलायचं आणि मग वाचवायचं, याला काय म्हणतात ते मामाला विचार."

मामाला विचारण्यात आले. मी त्या रात्री वेळ मागून घेतली. तो वेळ बराच लांबला. त्या मुदतीत जे वाचले आणि सुचले ते इथे मांडतो.

गळाने मासे धरणे हा मनोरंजनाचा प्रकार साहेबाने आणला असे आपण समजतो. एका अर्थी खरे आहे. मंगळूरकडे कलेक्टर असलेल्या हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर मोठा ग्रंथ लिहिला. इंग्रजांचा या विषयावरचा लाडका ग्रंथकार आयझॅक वॉल्टन, त्याचे पुस्तक १६५३चे. परंतु त्याच्याही आधी पाचशेहून अधिक वर्षे, सुमारे ११३० साली, आमच्या कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' लिहिला. ही कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण, सीमाभागच. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा ग्रंथ ठाऊक असतो तो त्यातल्या ओवीच्या उल्लेखामुळे. पण त्यात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरणही आहे: दोर कसा असावा, काठी कशी, कुठल्या माशाला कसले आमिष, हे राजाने तपशिलाने सांगितले आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५०च्या सुमारास या प्रकरणावर लिहून त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. माझ्या विषयाला महत्त्वाचा शब्द आहे 'विनोद'. राजाने मासेमारी अन्नाच्या विभागात घातली नाही, करमणुकीच्या विभागात घातली. राजाला भूक भागवायला गळ लागत नव्हता. निदान तो आपल्या कृतीला दुसरे नाव देत नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला.

दुसरा राजा अशोक. आपल्या कोप्पळला आणि मस्कीला त्याचे लघुशिलालेख आहेत; मी म्हणतो तो मात्र उत्तरेकडच्या स्तंभांवरचा, पाचवा स्तंभलेख, राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरलेला. त्यात न मारण्याच्या प्राण्यांची यादी आहे, त्यात काही मासेही आहेत. गाभण आणि दूध पाजणाऱ्या शेळ्या-मेंढ्या मारू नयेत असे आहे. आणि चातुर्मासाच्या पौर्णिमांना व इतर ठराविक तिथींना मासा मारू नये, विकूही नये, असे स्पष्ट म्हटले आहे. मासे खाणे त्याने सरसकट बंद केले नाही, त्याला दिवसांची मर्यादा घातली. पेनसिल्व्हेनियातला मध्य एप्रिल ते मध्य जूनचा नियम आणि पश्चिम किनाऱ्यावर आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना असलेली समुद्रबंदी ही त्याच घराण्यातली. 'काय' आणि 'किती' यापेक्षा 'केव्हा' हा नीतीचा जुना प्रश्न आहे, आणि आपण तो उपासाच्या तिथींपुरता ठेवून विसरलो.

आता दाजींचा मुख्य आक्षेप, वेदनेचा. माशाला दुखते का? २००३ साली स्कॉटलंडमध्ये लिन स्नेडन या संशोधिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर वेदना टिपणारे तंतू आहेत हे दाखवले. ओठात मधमाशीचे विष किंवा आम्ल टोचलेले मासे खाणे थांबवीत. आम्ल टोचलेले तर तळाच्या खड्यांवर ओठ घाशीत. याउलट जेम्स रोझ या अमेरिकन शास्त्रज्ञाचे म्हणणे की, ज्या मेंदूच्या थराशिवाय आपल्याला वेदनेची जाणीव होत नाही तो माशाला नाहीच. तेव्हा तडफड म्हणजे दुःख नव्हे. वाद मिटलेला नाही. पण वाद मिटेपर्यंत संशयाचा फायदा कोणाला द्यायचा? मला वाटते, माशाला. स्वित्झर्लंडने तो दिला: २००८च्या तिथल्या प्राणिसंरक्षण नियमावलीनुसार सोडण्याच्याच हेतूने मासा धरायला मनाई आहे. धरलास तर खा, असा त्या कायद्याचा रोख. दाजींना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "त्या देशात शहाणी माणसं दिसतात."

पण दाजींना इतक्या स्वस्तात सोडणे मला बरोबर वाटत नाही. त्यांच्या युक्तिवादाचा पाया असा की, मी खातो म्हणून मी धरतो. माझी गरज आहे, तुझा खेळ आहे. ही गरज आहे का? दाजींच्या वडिलांच्या काळी असेल. ज्येष्ठात कणगी रिकामी झालेली, नाचणीवर दिवस काढायचे, तेव्हा चढणीचा मासा हे देवाने पाठवलेले अन्न होते. आज दाजींच्या घरात भात आहे, कोंबड्या आहेत, मुलाचे पैसे येतात, खानापूरच्या बाजारात समुद्राचा मासा मिळतो. तरी ते भर पावसात सत्तरीच्या गुडघ्यांनी ओढ्यात उतरतात. का? कारण त्या रात्रीची मजा दुसरी नाही! हाही 'मत्स्यविनोद'च. खाल्ले म्हणून खेळ संपत नाही. फार तर खेळ वाया जात नाही, एवढेच.

आणि सोडले म्हणून खेळ धुऊन निघत नाही. भाच्याला मी हे स्पष्ट सांगितले. सोडणे ही दया नव्हे. दयेला आधी दुसऱ्याने केलेली किंवा दैवाने आणलेली विपत्ती लागते. शतपथब्राह्मणातल्या मनूच्या ओंजळीत मासा आला तो हात धुताना, आपण होऊन. 'मला सांभाळ' म्हणाला. मनूने त्याला आधी घागरीत, मग खड्ड्यात, मग समुद्रात नेऊन सोडले. ती दया. स्वतःच गळ टाकून मग गळ काढणे याला फार तर आवरते घेणे म्हणता येईल. आवरते घेणे ही गोष्ट लहान नाही. माझ्या मते ती दयेपेक्षा दुर्मीळ आहे. परंतु तिचे नाव तेच ठेवावे.

मग दोघेही सारखेच, असे म्हणून निवाडा संपवावा का? मला तसे वाटत नाही. इथेच मला कावेरीची हकिगत सांगायची आहे, कारण तिने माझे विचार बरेच गुंतागुंतीचे करून ठेवले.

आपल्या दख्खनच्या नद्यांत महाशीर नावाचा मोठा खवल्यांचा मासा असतो. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९मध्ये त्याच्या एका जातीला शास्त्रीय नाव दिले. धरणे झाली, वर चढायच्या वाटा बुजल्या, सुरुंगाच्या दारूने डोह उडवले गेले, आणि मासा कमी झाला. तेव्हा १९७०च्या दशकात लोणावळ्याला टाटा वीज कंपनीच्या तळ्यावर या माशाची कृत्रिम पैदास सुरू झाली. काम उत्तम झाले. लाखो पिले तयार होऊन ठिकठिकाणच्या पाण्यात गेली, त्यात कावेरीही आली. कावेरीत मात्र स्वतःचा वेगळा महाशीर होता, पाठीवर कुबड असलेला, प्रचंड. १९४६मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १२० पौंडांचा धरला होता तो हाच. लोणावळ्याच्या वंशाचा मासा तिथे रुजला, वाढला, आणि घरचा कुबडवाला मागे पडत गेला. २०१८मध्ये शास्त्रज्ञांनी या कुबडवाल्याचे शास्त्रीय नाव निश्चित केले, आणि त्याच वर्षी तो जगाच्या अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. नाव आणि धोक्याची सूचना एकदमच मिळाली.

हे घडले कोणाच्या दुष्टपणाने? कोणाच्याच नाही. सद्भावनेने सोडलेल्या माशांनी केले. आणि हे कळले कसे? कावेरीवर गळाच्या शौकिनांच्या छावण्या होत्या. त्यांत १९९८ ते २०१२ पर्यंत कोणी कुठला मासा, किती वजनाचा धरून सोडला, याच्या नोंदवह्या ठेवलेल्या होत्या. शास्त्रज्ञांनी त्या वह्या उलगडल्या तेव्हा एक जात चढती आणि दुसरी उतरती असल्याचे दिसले. म्हणजे ज्यांनी माशांच्या तोंडात काटे घातले त्यांनीच माशांचा हिशेब ठेवला होता. दुसऱ्या कोणाकडे तो नव्हता. गळ टाकणाऱ्याला नदी कळते आणि न टाकणाऱ्या आम्हा शुद्ध लोकांना नळ कळतो, ही गोष्ट मला मान्य करणे जड गेले. पण ती नाकारता येत नाही. मलप्रभेत किती जातीचे मासे आहेत हे माझ्या शाळेतल्या एकाही शिक्षकाला सांगता आले नाही. दाजींनी बोटांवर मोजून बावीस नावे सांगितली, त्यातली पाच 'आता दिसत नाहीत' म्हणून.

ती पाच नावे ऐकल्यावर माझा निवाडा ठरला. धरलेल्या माशाचे काय केले, खाल्ला की सोडला, हा प्रश्न दुय्यम आहे. त्या एका माशापुरते पाहिले तर दाजी अधिक सरळ आणि भाचा थोडा आत्मसंतुष्ट, हे मी दोघांसमोर म्हटले. परंतु न धरलेल्या माशाचे, अजून न झालेल्या माशाचे काय, हा प्रश्न मोठा, आणि तिथे भाचा बरोबर आहे. चढणीची मरळ ही एक मरळ नसते. ती वर चढते तेव्हा पुढच्या दहा पावसाळ्यांना पोटात घेऊन चढत असते, आणि आपण तिला नेमके त्याच दाराशी गाठतो. पूर्वी कंदील थोडे होते, नदीला धरण नव्हते, शेतात औषधांची फवारणी नव्हती. तेव्हा दहा धरले तरी हजार वर जात. आता वर जाणारेच शंभर. हिशेब बदलला की नीती बदलावी लागते, रूढीला हे कळत नाही.

दाजींनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "मग काय उतरणीला धरू?" पावसाळा सरताना मासे परत नदीकडे उतरतात, ती उतरण. तेव्हा अंडी घालून झालेली असतात. मी म्हटले, "धरा की." ते म्हणाले, "उतरणीचा मासा म्हणजे लग्न झाल्यावरचा मांडव. ना गाभोळी, ना चव." हा आक्षेप नीतिशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात मला सापडला नाही, पण खरा अडथळा तोच होता.

त्यांना वळवले ते माझ्या तर्काने नव्हे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले मोठमोठे मासे देवीचे म्हणून कोणी धरत नाही. शृंगेरीला तुंगेत तेच आहे, वैतरणेकाठी तिळसे इथे तेच. दाजी-ताई पूर्वी शृंगेरीला जाऊन आले होते आणि दाजींनी स्वतःच्या हाताने त्या माशांना चुरमुरे घातले होते. बहीण मध्येच म्हणाली, "तिथं हातावर मासा आला तरी धरावासा वाटला नाही तुम्हाला. मग आपल्या ओढ्यावर देवळाजवळचा तेवढा भाग तरी देवाचा म्हणा." ताईने अहिंसेवर एक शब्द खर्च केला नाही.

त्या वर्षी दाजींनी आणि भावकीतल्या आणखी दोन घरांनी असे ठरवले की, खाचरात आलेला मासा धरायचा, पण ओढ्याचे तोंड पुरते अडवायचे नाही. सापळा अर्ध्या पात्रातच बसवायचा. आणि देवळाच्या वरच्या अंगाला कंदील न्यायचा नाही. भाच्याने यावर कुरकुर केली, अर्धे उपाय म्हणून. मी त्याला म्हटले, बाबा, तूही गळ फेकणे सोडलेले नाहीस.

पहिल्या पावसाळ्यात बरे गेले. यंदा मृगाच्या तिसऱ्या रात्री चढण लागली. दाजींनी अर्धे पात्र मोकळे सोडले होते. पहाटे पाहतात तो वरच्या बाजूला दुसऱ्या कोणी जाळ्याने ते मोकळे पात्र अडवलेले, आणि दाजींनी जाऊ दिलेले सगळे त्याच्या बुट्टीत. चौदा मरळ मोजल्या म्हणे. दाजींनी सकाळी सात वाजता मला फोन केला. आवाज चढलेला होता. "मी सोडली ती कुणासाठी? नदीसाठी की त्या गड्यासाठी? तुझ्या पुस्तकात हे होतं का?"

पुस्तकात हे आहे, बरेच आहे; जो तो आपल्यापुरते आवरतो आणि न आवरणाऱ्याचे फावते, हा जगातल्या सगळ्या सामाईक कुरणांचा, तळ्यांचा आणि नद्यांचा जुना रोग. एकट्याच्या संयमाला अशा ठिकाणी फळ येत नाही, सर्वांचा नियम लागतो. पण ज्याच्या हातून चौदा मरळ गेल्या त्याला सकाळी सातला हे ऐकवण्यात अर्थ नव्हता. मी म्हटले, "दाजी, पुढच्या वर्षी काय करणार?" ते काही बोलले नाहीत. मला वाटले, आता जुन्या मार्गाला जाणार. आणि गेले असते तर मी दोष कोणत्या तोंडाने दिला असता?

श्रावणात ते स्वतः गोकुळ रोडला आले, पिशवीत काकड्या घेऊन. ग्रामसभेत मांडायचे ठरवले आहे: चढण लागल्यापासून पंधरा दिवस ओढ्याचे तोंड कोणीच अडवायचे नाही, आणि अडवेल त्याचे जाळे पंचायतीने जप्त करायचे. ज्याने जाळे लावले होते त्याच्याकडेही दाजी जाऊन आले. तो म्हणाला, सर्वांना लागू असेल तर सही करतो, एकट्याला सांगाल तर नाही. अर्ज मला लिहून द्यायचा होता. मराठीत लिहू की कन्नडमध्ये, असे विचारले तर म्हणाले, पंचायतीला कन्नड लागते आणि सही करणाऱ्यांना मराठी. दोन्हीत लिहून दिला. 'चढणीचे मासे' याखाली 'हत्तु मीनु' लिहिले. पंधरा दिवसांच्या जागी दाजींनी माझ्याच पेनने दहा केले, कारण पंधराला गाव तयार होणार नाही म्हणाले.